सोमवारचा धूर

१२ ऑक्टोबर १९६५, मंगळवार

आज खुशालराव साहेबांनी मला देवमनराव म्हटले.

कचेरीत लागून चार वर्षे झाली. चार वर्षे मी नुसता 'तायडे', आणि साहेब फारच खुशीत असले तर 'काय बाप्पा तायडे'. चहा आला की सगळ्यांचे कप टेबलावर, माझा कप खिडकीत. मीच धुवायचा, मीच पुन्हा खिडकीत ठेवायचा. कोणी काही बोलत नाही, मीही बोलत नाही. संविधान झाले, कायदा झाला, आम्ही बौद्ध झालो, कप आपला खिडकीत. तर आज एकदम देवमनराव, आणि वर 'बसा'.

पंतप्रधानांनी सांगितले आहे की धान्य कमी आहे, देशातल्या माणसाने आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे. साहेबांनी सोमवारची संध्याकाळ धरली आहे. आमच्या राजापेठ भागाचे काम माझ्याकडे. घरोघरी समजावून सांगायचे आणि सोमवारी दिवेलागणीला फेरी मारायची. ज्या घरातून धूर निघेल तिथे पुन्हा जाऊन समजवायचे. साहेब म्हणाले, "देश पुढे चालला. धरणे होत आहेत, कारखाने निघत आहेत. पण माणसाची हाव त्याच्याही पुढे पळते. आता शिकलेल्या माणसाने गरजा कमी करून दाखवल्या पाहिजेत. तुमच्यासारख्याने."

तुमच्यासारख्याने! हे मला फार बरे वाटले. आणि खोटे काय आहे त्यात? राजापेठेत महिन्याला नवे दुकान उघडते. पोरे टेरिलीनचे शर्ट घालून हिंडतात, ज्याच्या त्याच्या घरी रेडिओ बोंबलून राहिला. आणि रेशनच्या रांगेत काय, तर अमेरिकेचा लाल मिलो, तिकडे गुरांना घालतात ती ज्वारी. सगळ्या मुलखाला ज्वारी खाऊ घालणारा वऱ्हाड मिलोच्या भाकरी थापून राहिला. कुठेतरी थांबले पाहिजे.

घरी येऊन मायला सांगितले. तिला आधी समजलेच नाही.

"उपाशी राहा म्हनते? कोनाले?"

"सगळ्यांना."

"सायबालेबी?"

"साहेबालाही."

माय हसली. म्हणाली, "मंग बरं हाय. येक डाव त्यालेबी समजू दे."

१७ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहिला सोमवार. थोडी धाकधूक आहे, ती मायची.

बाप मी लहान असताना गेला. बार्शीटाकळीला माय, गावची जाईबाई, दिवस बुडाला की टोपली घेऊन गावात भाकर मागायला जायची. गावकीचे काम करायचे आणि दारोदार उरलेली भाकर घ्यायची, आमच्या लोकांची तीच रीत होती. शिळी, करपलेली, कोणाच्या पोराने अर्धी खाऊन टाकलेली. त्या भाकरींवर मी मॅट्रिक झालो. छप्पन साली नागपूरहून बौद्ध होऊन आलो, तेव्हा तिने ती टोपली चुलीत घातली आणि तिच्या जाळावर ज्वारीची भाकर केली. ती भाकर मला अजून आठवते.

नोकरी लागल्यावर तिला इकडे आणले, तेव्हा एसटी स्टँडवरच मी तिला शब्द दिला होता. माय, माझ्या घरी दोन्ही वेळ चूल पेटेल, आणि तव्यावरची पहिली भाकर तुझी. आजपर्यंत मोडला नाही. तिन्हीसांजेला माय चुलीपाशी जाऊन बसते, माझी बायको सुंदरा पहिली भाकर तिच्या हातावर ठेवते, आणि माय ती दुधाशिवाय, भाजीशिवाय, नुसती मिठाशी खाते. गरम असते म्हणून.

सोमवार म्हणजे काही शब्द मोडणे नव्हे. उपाशी निजणे वेगळे आणि देशकार्य वेगळे.

साहेबांना मी विचारून पाहिले की म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना सूट आहे का. म्हणाले, "सूट आहेच हो. पण तुमच्याच घरातून धूर निघाला तर लोक काय म्हणतील?" हेही बरोबर आहे.

१८ ऑक्टोबर, सोमवार

चूल पेटली नाही. माय नेहमीसारखी चुलीपाशी जाऊन बसली आणि राखेत काडीने रेघोट्या ओढत राहिली. मी विचारले, "माय, तिथे काय करतेस?"

"बसलो. दुसरीकडं कुठं बसू?"

सकाळची एक भाकर सुंदराने तिच्यासाठी झाकून ठेवली होती. मायने ती नातीला, शालूला दिली. पोरीने एका दमात संपवली. मायला वाईट वाटलेले दिसले नाही. म्हणाली, "मले सवय हाय." तिला समजले आहे, याचे मला समाधान वाटले. शिकली नाही, पण समजूतदार आहे.

मला स्वतःला भूक लागली आहे. पण ही वेगळी भूक आहे. लहानपणीच्या भुकेत लाज होती, हिच्यात मान आहे. ही मी स्वतःच्या इच्छेने घेतली.

२५ ऑक्टोबर, सोमवार

काल दिवाळी होती. आमच्याकडे नाही, पण राजापेठेत होती. फटाक्यांचा कचरा अजून रस्त्यावर पडला आहे.

आज फेरी मारली. साहेबांच्या गल्लीत, मोठ्या घरांच्या रांगेत, एका छपरातून धूर नाही. मी उभा राहून पाहत राहिलो. मनात म्हटले, याला म्हणतात शिस्त. आणि रुळाच्या पलीकडे आमच्या लोकांची वस्ती, तिथे घराघरातून धूर. मला शरम वाटली. उद्या साहेब म्हणतील, तुमचेच लोक तेवढे ऐकत नाहीत.

बुधाजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. बुधाजी आमच्याच गावचा. मला अंगाखांद्यावर खेळवलेला म्हातारा, आता इथे मालधक्क्यावर पोती वाहतो. मी म्हणालो, "बुधाजी, आज सोमवार आहे ना?"

"व्हय. आज काम लागलं, म्हून चूल पेटली. शनवारी पेटली नोयती. आयतवारी पेटली नोयती. थे धरून घे न बाप्पा सोमवारात."

"असे नाही चालत. सगळ्यांनी एकाच दिवशी सोडायचे आहे."

"भूकबी आता सरकारी दिवस पाहून लागन का रे?"

लोक हसले. मला राग आला. आपल्या माणसाला चार शब्द चांगले सांगावेत तर तो आपलीच टिंगल करतो. म्हणूनच मागे राहिले हे.

१ नोव्हेंबर, सोमवार

आज फार वाईट झाले. लिहूच नये असे वाटते, पण लिहितो.

फेरी संपवून वस्तीतून परत येत होतो. बुधाजीच्या दारात माझी माय बसलेली. हातावर भाकर, भाकरीवर मिरचीचा ठेचा. दोनचार बाया भोवती होत्या.  मला पाहून माय चावायची थांबली, पण भाकर तिने लपवली नाही.

मी तिला हाताला धरून घरी आणले.  घरात आल्यावर तोंड सुटले. म्हणालो, मी दारोदार जाऊन सांगतो की जेवू नका, आणि माझी माय त्याच दारात जाऊन जेवते! साहेबाला कळले तर? आणि मग म्हणालो, "भाकर मागायची तुझी सवय काही गेली नाही."

सुंदरा पाणी भरत होती. तिच्या हातातला गडू तसाच राहिला.

 मायच्या तोंडात घास होता तो तिने गिळला. मग अंथरूण टाकून पडली.

बोललो ते बोललो. जरा जास्त झाले असेल. पण चूक तिची होती की नाही? एका संध्याकाळची तर गोष्ट. मी तिच्या जागी असतो तर थांबलो असतो.

६ नोव्हेंबर, शनिवार

मोतीराम आला होता, माझा धाकटा भाऊ. तो गावीच असतो, मोलमजुरी करतो. मायने त्याला निरोप पाठवला होता, हे मला आज समजले. कापसाची वेचणी सुरू झाली, बाया मिळत नाहीत, मी जातो म्हणाली. या वयात वेचणी! मी म्हटले, लोक मला काय म्हणतील? म्हणाली, "काही नाई म्हनत. म्हातारीले गाव आठोलं म्हनतील."

तेही खरे असेल. म्हाताऱ्या माणसाला गावाची ओढ असतेच. चार दिवस मोकळ्या हवेत राहील, येईल परत.

जाताना शालूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पाया पडलो तर म्हणाली, "सुखी राय. मोठा हो." मग उंबऱ्याबाहेर जाऊन मागे वळली आणि सुंदराला म्हणाली, "पोरीले झाकून भाकर ठेवत जाय वो."

सुंदरा माझ्याशी बोलत नाही. ताट आदळते.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आता घरातून कुरकुर नाही. साहेब खूश आहेत. शनिवारी ते मंडळींसोबत जीपने चिखलदऱ्याला गेले होते, थंड हवेला. आल्यावर म्हणाले, "तायडे, तुमच्या कामाची वर चर्चा आहे." तायडेच म्हणाले. घाईत असतील. पुढच्या सोमवारी संध्याकाळी त्यांच्या घरी कार्यकर्त्यांची बैठक आहे, मलाही बोलावले. चार वर्षांत पहिल्यांदा.

सुंदराला सांगितले. म्हणाली, "जा न. पन बाहीर बसवतात का घरात, थे पाहून या."

बाईच्या जिभेला काही हाडच नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांच्या घरी जायचे म्हणून आज सकाळचेही जेवलो नव्हतो. म्हटले, तिथे उपवासाची गोष्ट निघेल, छातीठोकपणे सांगता यावे.

बैठक ओसरीवर होती. भाषणे झाली. साहेबांनी गरजा कमी करण्यावर फार सुंदर बोलून घेतले. मग आतून साहेबांच्या बाई, इंदूबाई, म्हणाल्या, "पानं घेऊ का?" आणि ताटे आली. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, बटाट्याची भाजी, दही, राजगिऱ्याचे लाडू, वर केळे. तुपाचा वास घमघमत होता.

मी खुळ्यासारखा म्हणालो, "आज तर सोमवार आहे ना?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "अहो तायडे, हे उपवासाचंच आहे! धान्याचा एक दाणा नाही यात. सोमवार तर आम्ही वाडवडिलांपासून करतो. तुम्ही काय, कोरडाच करता की काय?"

कोरडाच! आम्हाला काय ठाऊक, उपवास म्हणजे हे असते म्हणून? आमच्या गावी देवाधर्माचा म्हणून जो उपवास होता तो छप्पन साली सोडला. पोटाचा होता त्याला कोणी फराळ शिकवला नाही. एवढे दिवस मी घरोघरी जाऊन कोरडे उपवास वाटून राहिलो, आणि यांच्यातल्या एकालाही सांगावेसे वाटले नाही. सांगणार तरी कशाला? त्यांना वाटले, सगळ्यांना माहीतच असते.

आत स्टोव्हचा आवाज येत होता. दारातून दिसला, पितळी स्टोव्ह, निळी ज्योत, खिचडीची कढई त्याच्यावर. म्हणून धूर नाही! दर सोमवारी मी त्या छपरांकडे पाहून मनात हात जोडत होतो. धूर आमच्या चुलीला असतो, काड्या आणि गोवऱ्या लावतो म्हणून. रॉकेलला कुठला धूर.

बाकीच्यांना स्टीलची ताटे होती. माझी पत्रावळ होती, पायरीजवळ.

आणि मी खाल्ले. दोनदा खिचडी मागून घेतली. खोटे कशाला लिहू? फार चांगली झाली होती. घरी आलो तर सुंदरा आणि पोर पाणी पिऊन निजल्या होत्या. माझ्या हाताला तुपाचा वास होता, तो मी राखेने धुतला.

६ डिसेंबर, सोमवार

आज बाबासाहेबांचा दिवस. रजा टाकली. सकाळच्या एसटीने अकोल्याला आणि तिथून बार्शीटाकळीला गेलो. वंदनेसाठी म्हणून गेलो, असे साहेबांना सांगितले आहे. मी मायला आणायला गेलो होतो.

माय वावरात होती. आजच्या दिवशीही? विचारले तर म्हणाली, "सकाळीच जाऊन आलो वंदनेले. मंग कामाले आलो. बाबासाहेबानं काम करू नोको नाई सांगतलं." कमरेला कापसाची ओटी बांधलेली, हाताला बोंडांची खरवडं. उन्हात करपून गेली होती. पण चेहरा, काय लिहावे, चेहरा भरला होता. माझ्या घरी असा नव्हता.

बांधावर बाभळीखाली बसलो. तिने फडक्यातून भाकर काढली. मी म्हणालो, "माय, चाल घरी. बस झाले."

"वेचनी होऊ दे."

"वेचणीचे राहू दे. मी सांगतो ना, आता सोमवारी तुझ्यासाठी चूल पेटवीन. कोणी काही म्हणो."

"मायासाठी. न बाकीच्याइले?"

 मग मी तिला साहेबांच्या घरची गोष्ट सांगितली. साबुदाणा, तूप, स्टोव्ह, सगळे. वाटले होते, ती चिडेल, शिव्या देईल, मला बरे वाटेल. ती नुसती ऐकत राहिली. म्हणाली, "तू खाल्लं का?"

"हो."

"पोट भरून?"

"हो."

"बरं केलं." आणि खरेच तिला बरे वाटले, माझ्या पोटात काही गेले म्हणून. तिथे मला रडू आले. मी म्हणालो, "माय, त्या दिवशी मी बोललो ते मनात ठेवू नको. माझे चुकले."

मायने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग सावकाश बोलली. रागाने नाही. रागाने बोलली असती तर मी पाया धरले असते आणि तिला घेऊन आलो असतो.

"देवमन, मी त्या गावात लय वर्सं भाकर मांगली. कोनी देल्ली, कोनी हाकललं, कोनी कुत्रं सोडलं. पन माया भुकीले कोनी नाव नाई ठेवलं रे. तू ठेवलं. तुया घरी मले आता भूक लागाचं भेव वाटते. इथं मले कोनाले इचारा नाई लागत. दिवसभर येचतो, रातच्याले माया हातानं चूल पेटोतो. धूर निंगते त निंगू दे."

 तिने भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. म्हणाली, "खा. आज सोमवार हाय, पन सायेब नाई इथं."

खाल्ली. ती आली नाही.

९ डिसेंबर, गुरुवार

कचेरीत सगळ्यांदेखत सत्कार झाला. नारळ दिला, हार घातला. राजापेठेत सर्वांत चांगले काम म्हणून. साहेब म्हणाले, "देवमनरावांनी आपल्या लोकांत जागृती केली." टाळ्या पडल्या.

मग चहा आला. माझा कप खिडकीत होता. हार गळ्यात तसाच होता, मी जाऊन कप घेतला.

सांगून टाकायचे होते सगळ्यांसमोर. साबुदाण्याचे, पत्रावळीचे, बुधाजीचे. जिभेवर आले होते. पण नोकरी आहे, पोर शाळेत आहे. आणि टाळ्याही खऱ्याच होत्या, तेही कबूल करतो.

२८ डिसेंबर, मंगळवार

मागच्या आठवड्यात स्टोव्ह घेतला. पितळी. सुंदरा म्हणाली, "हेच करा लागत होतं त म्हातारीले काहून पाठोलं?" मी म्हणालो, मायला आणायचे तर घरात सोय पाहिजे, म्हणून घेतला. आता सोमवारी भाकर होईल आणि कोणाला दिसणार नाही.

मोतीरामला पत्र टाकले की मायला सांग, स्टोव्ह आणला, ये. त्याचे उत्तर आज आले. माय म्हणते, स्टोचा आवाज मले सहन नाई होत. पोरीले सुखी ठेवा.

गरजा कमी करायला निघालो होतो. घरात एक वस्तू वाढली, एक माणूस कमी झाले.

३ जानेवारी १९६६, सोमवार

फेरी मारली. साहेबांची गल्ली स्वच्छ. माझे घर स्वच्छ. वस्तीत चार ठिकाणी धूर. बुधाजी दारातच बसला होता, ताप आहे म्हणाला. आत त्याची सून पेज शिजवत होती.

मला वाटले होते, आज मी न बोलता पुढे जाईन. पण मागून साहेबांचा शिपाई येत होता, तोही हल्ली फेरीला असतो. मी म्हणालो, "बुधाजी, आज सोमवार आहे."

 बुधाजी आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "सूनबाई, इझव वो. जाईबाईचा पोरगा आला."

तिने चुलीवर पाणी ओतले. तो आवाज मला बाहेर ऐकू आला. मी पुढे गेलो.

घरी आलो. सुंदराने दार लावले, खिडकी लावली, भाकरीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून. स्टोव्ह पेटवला. पहिली भाकर काढली आणि हाताच्या सवयीने बाजूला ठेवली, चुलीच्या जागेपाशी, जिथे माय बसायची. मग दुसरी मला, तिसरी शालूला. जेवणे झाली. ती भाकर तिथेच थंड होऊन पडली होती.

शालूने विचारले, "ही कोनाची?"

सुंदरा ताटे उचलू लागली. 

अन्न वाया घालवू नये, असे मीच सगळ्यांना सांगत असतो. मी ती उचलून खाल्ली.